भाकरी

भाकरी (बोलीत भाकर, अनेकवचन भाकऱ्या किंवा भाकरी) हा ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ इत्यादी धान्यांच्या पिठापासून तयार केला जाणारा, तव्यावर व विस्तवावर भाजलेला गोल, चपटा खाद्यपदार्थ आहे. महाराष्ट्राच्या बहुतांश ग्रामीण भागाचे हे पिढ्यान्‌पिढ्यांचे मुख्य अन्न होय. भाकरीच्या पिठात यीस्ट, सोडा, दही किंवा अन्य कोणताही फुगवणारा पदार्थ घालत नाहीत, पीठ आंबवत नाहीत आणि मुरतही ठेवत नाहीत. पीठ भिजवल्यापासून थोड्याच वेळात पहिली भाकरी ताटात येऊ शकते. केवळ पीठ, पाणी आणि विस्तव एवढ्याच साधनांवर होणारा हा पदार्थ वाटतो तितका सोपा मात्र नाही. गव्हाच्या कणकेला जो चिवटपणा असतो तो या पिठांना नसतो. त्यामुळे भाकरीचे सगळे यश पाण्याचे तापमान, मळणी आणि हाताची सवय यांवर अवलंबून असते.

या लेखात प्रामुख्याने ज्वारीच्या भाकरीचा विचार केला असून इतर धान्यांच्या भाकऱ्यांतील फरक स्वतंत्रपणे दिले आहेत.

नाव आणि सदृश पदार्थ

मराठीत गव्हाच्या लाटलेल्या पदार्थाला पोळी किंवा चपाती आणि भरड धान्याच्या थापलेल्या पदार्थाला भाकरी म्हणतात. हा भेद मराठी भाषेत बराच काटेकोर आहे. शेजारच्या प्रदेशांत नावे बदलतात. उत्तर कर्नाटकात ज्वारीच्या भाकरीला ‘जोळद रोट्टी’ म्हणतात. गुजरातेत बाजरीच्या जाड भाकरीला ‘रोटलो’ हे नाव आहे. तेथील ‘भाखरी’ मात्र तेल किंवा तुपाचे मोहन घालून केलेली गव्हाची, खुसखुशीत असते. नावातील साम्यामुळे या दोन पदार्थांची गल्लत होते. राजस्थानात बाजरीच्या भाकरीला ‘सोगरा’ म्हणतात. ज्वारीपासून सुदानमध्ये ‘किसरा’ नावाचा पातळ पदार्थ करतात. परंतु त्याचे पीठ आंबवलेले असते. भाकरीचे वेगळेपण असे की ती ताज्या, न आंबवलेल्या पिठाची असते.

धान्ये

भाकरीची तीन प्रमुख भरड धान्ये मूळची आफ्रिकेतील आहेत. ज्वारी (सोर्घम बायकलर) ईशान्य आफ्रिकेत, बाजरी पश्चिम आफ्रिकेच्या साहेल पट्ट्यात आणि नाचणी पूर्व आफ्रिकेच्या उंच प्रदेशात प्रथम लागवडीखाली आली. प्राचीन काळीच ती भारतीय उपखंडात पोहोचली आणि दख्खनच्या कमी पावसाच्या प्रदेशाला इतकी मानवली, की आज ती येथलीच वाटतात.

महाराष्ट्रात ज्वारी दोन हंगामांत घेतली जाते. खरिपाची ज्वारी पावसाळ्यात वाढते. कणसात दाणे भरताना पाऊस लागल्यास त्यांवर बुरशी येते, दाणा काळा पडतो आणि भाकरीची चव उतरते. रब्बीची ज्वारी, म्हणजेच शाळू, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काळ्या जमिनीत पेरतात. पावसाळ्यानंतर जमिनीत उरलेल्या ओलीवर ती वाढते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणीस येते. कोरड्या हवेत पिकल्यामुळे तिचा दाणा टपोरा, पांढरा व चमकदार असतो. भाकरीसाठी शाळूला पहिली पसंती असते.

शाळूच्या वाणांत ‘मालदांडी’ विशेष प्रसिद्ध आहे. सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ येथील संशोधन केंद्रात स्थानिक मालदांडीतून निवड करून तयार झालेला ‘मालदांडी ३५-१’ हा वाण अनेक दशके रब्बी ज्वारीचा मानदंड समजला गेला. त्याच जिल्ह्यातील मंगळवेढा तालुका ‘ज्वारीचे कोठार’ म्हणून ओळखला जातो. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. १९६४ मध्ये ‘सीएसएच-१’ हा भारतातील पहिला संकरित ज्वारीचा वाण प्रसारित झाला. संकरित वाणांनी उत्पादन वाढवले. तथापि ‘हायब्रीडची भाकरी’ ही शाळूच्या भाकरीच्या तुलनेत बेचव, अशी तक्रार खेड्यापाड्यांत दीर्घकाळ ऐकू येत राहिली.

स्थूलमानाने सोलापूर, मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्राच्या काळ्या जमिनीच्या पट्ट्यात ज्वारीची, नाशिक, अहिल्यानगर व पुणे जिल्ह्यांच्या हलक्या जमिनीच्या दुष्काळी भागांत बाजरीची, सह्याद्रीच्या डोंगरउतारांवर नाचणीची आणि कोकण किनारपट्टीवर व गोव्यात तांदळाची भाकरी प्रचलित आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी मक्याचीही भाकरी करतात.

पीठ

चांगल्या भाकरीची सुरुवात गिरणीपासून होते. ज्वारी निवडून, पाखडून, कोरडी असतानाच दळतात. पीठ बारीक असावे. जाडसर पिठाची भाकरी थापताना कडेला चिरते. काही घरांत दळणात मूठभर उडीद किंवा तांदूळ मिसळतात, त्यामुळे पिठाला थोडा चिकटपणा येतो.

पीठ ताजे असणे ही सर्वांत महत्त्वाची अट आहे. जुन्या पिठाचा चिकटपणा कमी होतो. त्याला ग्रामीण भाषेत ‘पीठ विरी गेले’ असे म्हणतात. अशा पिठाचा गोळा मळताना एकजीव होत नाही आणि थापताना भाकरी तुटते. म्हणूनच वर्षाचे धान्य घरात साठवले तरी पीठ मात्र आठ-पंधरा दिवसांचेच दळून आणण्याची रीत आहे. बाजरीच्या बाबतीत ही काळजी अधिक घ्यावी लागते. बाजरीत स्निग्धांश सुमारे ५ टक्के, म्हणजे इतर तृणधान्यांच्या मानाने जास्त असतो. दळल्यानंतर दाण्यातील विकरे या स्निग्धांशावर क्रिया करतात आणि पीठ आठवडा-दहा दिवसांत कडवट, खवट होऊ लागते.

शहरांत आणि परदेशांत राहणाऱ्या मराठी भाषकांना पाकीटबंद पीठ वापरावे लागते. ते पुष्कळदा कित्येक आठवड्यांपूर्वी दळलेले असते. ‘आपल्याला भाकरी जमत नाही’ असे वाटणाऱ्या अनेकांची खरी अडचण हाताची नसून पिठाची असते. अशा पिठासाठी पुढे दिलेली उकळत्या पाण्याची पद्धत विशेष उपयोगी पडते.

साधने

परंपरेने भाकरी लाकडी काठवटीत किंवा पितळी परातीत थापतात. आता स्टीलची परात सर्वत्र रूढ आहे. तवा लोखंडी किंवा बिडाचा, जाड बुडाचा असावा. तो उष्णता धरून ठेवतो आणि भाकरी टाकल्यावर एकदम थंड होत नाही. काही भागांत मातीचे तवेही वापरतात. पातळ, न चिकटणारा लेप दिलेला तवा इतका तापवणे योग्य नसते. त्यामुळे तो भाकरीसाठी सोयीचा नाही. याखेरीज उलथणे, पाण्याची वाटी आणि भाजलेल्या भाकऱ्या ठेवण्यासाठी कापड अंथरलेली दुरडी एवढी साधने पुरतात.

कृती

साहित्य (मध्यम आकाराच्या ४ भाकऱ्यांसाठी): ताजे ज्वारीचे पीठ २४० ग्रॅम, पाणी सुमारे २०० ते २२० मिलिलिटर, थापण्यासाठी मूठभर कोरडे पीठ (पिठी). मीठ घालण्याची सर्वत्र पद्धत नाही. आवडत असल्यास चिमूटभर घालावे. पाण्याचे प्रमाण पिठाच्या जातीनुसार व कोरडेपणानुसार थोडे कमी-अधिक होते.

१. निम्मे पाणी उकळावे. परातीत पीठ घेऊन मध्ये खळगा करावा, त्यात हे आधणाचे पाणी ओतावे आणि चमच्याने कालवावे. हात लगेच घालू नये. दोन-तीन मिनिटे झाकून ठेवावे.

२. हाताला सोसवेल इतके निवल्यावर उरलेले कोमट पाणी थोडे थोडे शिंपडत पीठ मळावे. बोटांनी न मळता तळहाताच्या मनगटाकडील भागाने पीठ पुढे रगडावे, पुन्हा गोळा करावे, पुन्हा रगडावे. चार-पाच मिनिटांत गोळा मऊ व गुळगुळीत होतो. गोळा दाबल्यावर कडेला भेगा पडत असतील तर पाण्याचा हात लावून आणखी मळावे. सराईत हात सगळे पीठ एकदम मळत नाहीत. एकेका भाकरीपुरते पीठ घेऊन ती थापण्याआधी पुन्हा मळून घेतात.

३. तवा मध्यम-मोठ्या आचेवर तापत ठेवावा. पाण्याचा थेंब टाकल्यास तो तडतडून क्षणात उडून गेला पाहिजे.

४. एक चतुर्थांश पिठाचा गोल उंडा करून तळहातांमध्ये किंचित चपटा करावा. परातीत पिठी पसरून त्यावर उंडा ठेवावा आणि वरूनही किंचित पिठी लावावी.

५. उजव्या हाताच्या तळव्याने व बोटांनी हलके थापटत, त्याच हालचालीत भाकरी गोल फिरवत न्यावी. डावा हात कडेला आधार देतो. मध्यभागापेक्षा कडा जाड राहणार नाहीत याकडे लक्ष द्यावे. भाकरी फिरायची थांबली तर ती परातीला चिकटली असे समजावे. कड अलगद उचलून खाली पिठी सरकवावी. साधारण १७ ते १८ सेंटिमीटर व्यासाची व ३ ते ४ मिलिमीटर जाडीची भाकरी नवशिक्याने करावी. जाडी सर्वत्र सारखी असणे हे आकार अचूक गोल असण्यापेक्षा महत्त्वाचे आहे.

६. भाकरी दोन्ही हातांनी उचलून, पिठी लागलेली परातीकडची बाजू वर येईल अशा रीतीने तव्यावर टाकावी. लगेच हात पाण्यात बुडवून भाकरीच्या वरच्या बाजूला सर्वत्र, विशेषतः कडेपर्यंत, पाणी फिरवावे. कोरडी पिठी कुठेही दिसता कामा नये.

७. अर्ध्या मिनिटाच्या आसपास हे पाणी सुकत येते. पृष्ठभाग ओलसर असला तरी चकाकी गेलेली असते. हीच उलटण्याची वेळ. पाणी पूर्ण सुकू दिल्यास भाकरीला भेगा पडतात. फार लवकर उलटल्यास ती तव्याला चिकटते.

८. उलटल्यावर पाणी लावलेली बाजू तव्यावर एक ते दीड मिनिट, तांबूस ठिपके येईपर्यंत भाजावी. मधूनमधून भाकरी फिरवावी, म्हणजे आच सगळीकडे सारखी लागते.

९. आता तवा बाजूला करून भाकरीची पहिली, कमी भाजलेली बाजू सरळ विस्तवावर धरावी. चूल असल्यास निखाऱ्यांवर किंवा निखाऱ्यांपुढे उभी करून भाजतात. भाकरी कडेने फुगू लागते आणि काही क्षणांत टम्म होते.

१०. भाकरी लगेच झाकून ठेवू नये. वाफ धरून ती ओलसर होते. वाफ जाऊ देऊन मग कापडात ठेवावी.

नवशिक्याने पहिल्या काही भाकऱ्या प्लास्टिकच्या किंवा ओल्या सुती कापडाच्या तुकड्यावर थापल्या तरी चालते. तव्यावर टाकताना कापडासह उचलून उलटता येते. काही जण पीठ लावून लाटण्याने लाटतात. अशी भाकरी पातळ व गोल होते, परंतु तिची कड लवकर चिरते. काही भागांत परात न वापरता दोन्ही तळहातांवर थापटत भाकरी वाढवण्याचीही रीत आहे.

कृतीमागील शास्त्र

गव्हाच्या पिठात पाणी घालून मळल्यास त्यातील प्रथिनांचे ग्लुटेन नावाचे लवचिक जाळे तयार होते. कणीक ताणता येते ती यामुळेच. ज्वारीतील मुख्य प्रथिन काफिरीन असे जाळे करत नाही. मग भाकरी एकसंध राहते कशी? याचे उत्तर पिष्टात, म्हणजे स्टार्चमध्ये, आहे. ज्वारीच्या पिष्टाचे कण साधारण ६८ ते ७८ अंश सेल्सियस तापमानाला पाणी शोषून फुगतात आणि त्यांची खळ होते. उकळते पाणी ओतल्यावर पिठाचा काही भाग असा शिजतो आणि ही खळ उरलेल्या कच्च्या पिठाला बांधून ठेवते. थंड पाण्यात मळलेले जुने पीठ तुटते आणि त्याच पिठाला आधणाचे पाणी दिले तर ते थापले जाते, याचे कारण हेच. मळण्याच्या जोरदार क्रियेने ही खळ सर्वत्र सारखी पसरते.

तव्यावर भाकरीला पाणी लावण्यामागेही असेच कारण आहे. वरची कोरडी पिठी पाण्यात मिसळून तिचा पातळ थर होतो, तो उलटल्यावर तव्याच्या उष्णतेने शिजतो आणि पृष्ठभागावरील बारीक छिद्रे बुजवतो. दोन्ही बाजूंचे असे थर बंद झाल्यावर आतल्या पाण्याची वाफ बाहेर जाऊ शकत नाही. पाण्याची वाफ होताना तिचे आकारमान कित्येक पटींनी वाढते, ती थरांना एकमेकांपासून दूर ढकलते आणि भाकरी फुगते. वरचा पातळ थर म्हणजे पापुद्रा. कडेला एक जरी चीर राहिली तरी वाफ तेथून निसटते आणि भाकरी फुगत नाही. अर्थात न फुगलेली भाकरी नीट भाजली असेल तर खाण्यास वाईट नसते.

गार झाल्यावर भाकरी कडक होते, याचे कारण फुगलेल्या पिष्टातील रेणू पुन्हा एकमेकांजवळ येऊन घट्ट रचना करू लागतात. ग्लुटेनचा मऊपणा नसल्याने हा बदल पोळीपेक्षा भाकरीत लवकर जाणवतो.

सामान्य दोष व कारणे

कडा फाटणे: पीठ जुने, जाडसर किंवा कमी मळलेले, पाणी कमी.

परातीला चिकटणे: पीठ सैल झालेले किंवा खाली पिठी अपुरी.

तव्यावर भेगा पडणे: पाणी लावण्यास उशीर झालेला, किंवा पाणी पूर्ण सुकल्यावर उलटलेली.

न फुगणे: जाडी असमान, कडेला चीर, किंवा तवा पुरेसा न तापलेला.

कच्ची लागणे: आच फार मोठी, बाहेरून डाग पडले तरी आत शिजण्यास वेळ मिळालेला नसतो.

कडक, वातड होणे: मंद आचेवर फार वेळ भाजलेली, आतील ओलावा उडून गेलेला.

इतर धान्यांच्या व मिश्र भाकऱ्या

बाजरीची भाकरी: पीठ अधिक सुटे असल्यामुळे लहान उंडा घेऊन, अधिक मळून, किंचित जाड थापतात. बाजरी उष्ण मानली जात असल्याने ती विशेषतः थंडीत खातात. मकरसंक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, वरून तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी आणि अनेक भाज्या एकत्र करून केलेली भोगीची भाजी असा बेत असतो.

नाचणीची भाकरी: रंगाने तपकिरी-लालसर. पीठ उकळत्या पाण्यात कालवल्याशिवाय नीट थापले जात नाही.

तांदळाची भाकरी: पाणी उकळत असतानाच त्यात पीठ घालून उकड काढतात, ती गरम असतानाच मळतात आणि पातळ, पांढरीशुभ्र भाकरी करतात. कोकणात व गोव्यात ती माशांच्या कालवणाबरोबर खाल्ली जाते. आगरी-कोळी समाजात ती विशेष प्रचलित आहे.

कळण्याची भाकरी: खानदेशाची खासियत. ज्वारीत सालासकट काळे उडीद व थोडे मीठ घालून दळतात. उडदामुळे पिठाला चिकटपणा येतो, त्यामुळे ही भाकरी थापण्यास सोपी असते. वांग्याचे भरीत किंवा ठेचा तिच्या जोडीला असतो.

कडक भाकरी: सोलापूर भागात व उत्तर कर्नाटकात अतिशय पातळ भाकरी भाजून, पूर्ण वाळवून पापडासारखी कुरकुरीत करतात. ओलावा न राहिल्याने ती बरेच दिवस टिकते आणि प्रवासात नेता येते. शेंगदाण्याची चटणी व दह्याबरोबर ती खातात.

भाकरीबरोबरचे पदार्थ

पिठले किंवा झुणका, ठेचा, शेंगदाण्याची किंवा जवसाची चटणी, पालेभाज्या, डाळकांदा, भरीत, सुके बोंबील आणि मटणाचा रस्सा हे भाकरीचे नेहमीचे सोबती. रस्सा असल्यास भाकरी त्यात कुस्करून खातात. शेतात न्याहारीच्या वेळी भाकरीवरच झुणका आणि बुक्कीने फोडलेला कांदा घेण्याची पद्धत असल्याने वेगळ्या ताटाची गरज पडत नाही. शिळी भाकरी दुधात किंवा ताकात कुस्करून, अथवा कांदा-मिरचीची फोडणी देऊन खातात.

पोषणमूल्य

१०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिने व १० ग्रॅम तंतुमय पदार्थ असतात. बाजरीत प्रथिने सुमारे ११ ग्रॅम व लोह सुमारे ६ मिलिग्रॅम असते. नाचणीत प्रथिने कमी, सुमारे ७ ग्रॅम, परंतु कॅल्शियम सुमारे ३६० मिलिग्रॅम, म्हणजे ज्वारी-बाजरीच्या दहा पटींहून अधिक असते.

या धान्यांत लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी असते आणि डाळींत ते भरपूर असते. त्यामुळे भाकरीबरोबर पिठले, आमटी किंवा कळण्यातील उडीद ही जोडी चवीइतकीच पोषणाच्या दृष्टीनेही योग्य ठरते. याची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. दख्खनमधील गरीब लोकवस्तीत, जेथे जेवण म्हणजे जवळजवळ केवळ ज्वारी होती, तेथे नायसिन या जीवनसत्त्वाशी संबंधित पेलाग्रा हा विकार आढळला होता आणि हैदराबाद येथील पोषणशास्त्रज्ञांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याचा अभ्यास केला. दोष भाकरीचा नव्हता. ताटात भाकरीखेरीज काही नसण्याचा होता.

ज्वारी, बाजरी, नाचणी व तांदूळ यांत ग्लुटेन नसल्याने सिलिॲक विकार असलेल्या व्यक्तींना त्यांची भाकरी चालते. मात्र ज्या गिरणीत आधी गहू दळला आहे तिच्यात दळलेल्या ज्वारीत गव्हाचे पीठ मिसळते, आणि अशा रुग्णांना तेवढेही अपायकारक ठरू शकते. त्यांच्यासाठी धान्य घरगुती गिरणीवर स्वतंत्रपणे दळणे व थापण्याची पिठीही त्याच धान्याची वापरणे आवश्यक आहे. मधुमेह असलेल्यांनी भाकरी हाही पिष्टमय पदार्थच आहे हे लक्षात घेऊन वैद्यकीय सल्ल्यानुसार प्रमाण ठरवावे.

सामाजिक इतिहास

यांत्रिक गिरण्या येण्यापूर्वी भाकरीचे पीठ रोज पहाटे घरोघरी जात्यावर दळले जाई. हे काम स्त्रियांचे होते आणि ते करताना गायिलेल्या ओव्यांतून मराठी मौखिक साहित्याचे एक मोठे दालन उभे राहिले. गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने अशा एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या आहेत. गिरणीने दळणाचे कष्ट वाचवले. परंतु धुराने भरलेल्या स्वयंपाकघरात चुलीपुढे बसून कुटुंबाच्या व गड्यांच्या भाकऱ्या थापण्याचे काम पुढेही दीर्घकाळ स्त्रियांकडेच राहिले.

दुष्काळ आणि भाकरी यांचे नाते महाराष्ट्राच्या स्मृतीत खोलवर रुजलेले आहे. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी बहमनी राजवटीत दुष्काळाच्या वेळी सरकारी धान्यकोठारे भुकेल्या लोकांसाठी खुली केली, ही कथा आजही सांगितली जाते. १९७२ च्या दुष्काळात ज्वारी दुर्मीळ झाली, तेव्हा ‘मिलो’ नावाची परदेशी लाल ज्वारी शिधावाटप दुकानांतून मिळत असे. तिच्या लालसर भाकरीची चव त्या पिढीतील लोक विसरलेले नाहीत. पुढे १९९५ मध्ये सत्तेवर आलेल्या राज्य सरकारने एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रे सुरू केली होती.

त्याच काळात ताटातील भाकरी मात्र हळूहळू कमी होत गेली. शिधावाटप व्यवस्थेतून प्रामुख्याने गहू व तांदूळ स्वस्तात मिळू लागले, सिंचनाखालील जमीन ऊस व अन्य नगदी पिकांकडे वळली आणि ज्वारीखालचे क्षेत्र घटले. पोळी लाटणे तुलनेने सोपे, ती डब्यात मऊ राहते आणि पोळी खाणे प्रतिष्ठेचेही समजले जाऊ लागले. ज्वारीचा पेरा घटल्याने कडब्याचाही तुटवडा पडला. कारण ज्वारीचे एकच पीक माणसाला भाकरी आणि जनावराला वैरण देते. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळले. त्यानंतर शहरी ग्राहकांत या धान्यांविषयी उत्सुकता वाढली आहे, आणि एकेकाळी गरिबाचे अन्न म्हणून बाजूला सारलेली भाकरी उपाहारगृहांत अनेकदा पोळीपेक्षा महाग मिळते. भाकरी थापण्याचे कौशल्य मात्र लेखी कृतीपेक्षा पाहून आणि करून शिकण्याचे आहे. घरात थापणारे हात उरले नाहीत, तर केवळ धान्याच्या प्रसाराने ते टिकणार नाही.

भाषा व लोकव्यवहार

मराठीत ‘भाकरी’ हा शब्द अन्न, उपजीविका आणि कष्ट या अर्थांनीही वापरला जातो, उदा. कष्टाची भाकरी, भाकरीला मोताद होणे. मोबदल्याविना दुसऱ्यांची उठाठेव करण्याला ‘लष्कराच्या भाकऱ्या भाजणे’ म्हणतात. भाकरीच्या चौथ्या हिश्शाला ‘चतकोर’ हा स्वतंत्र शब्द आहे. दृष्ट लागू नये म्हणून ‘भाकरतुकडा’ ओवाळून टाकण्याची प्रथा लग्नकार्यात व अन्य प्रसंगी आढळते. घोडा का अडला, पान का सडले आणि भाकरी का करपली, या तिन्ही प्रश्नांचे ‘न फिरवल्यामुळे’ हे एकच उत्तर देणारे कोडे सर्वपरिचित आहे; त्यावरूनच राजकीय बोलण्यात नेतृत्वबदलाला ‘भाकरी फिरवणे’ असे म्हटले जाते. बहिणाबाई चौधरी यांनी संसाराची तुलना चुलीवरच्या तव्याशी केली आहे. चटके सोसल्यावाचून भाकरी हाती येत नाही, हा त्या तुलनेचा आशय प्रत्यक्ष भाकरी करणाऱ्या कोणालाही वेगळा समजावून सांगावा लागत नाही.